समुद्रकाठचा मनोरा आणि चुन्याचे शास्त्र

तंजावर म्हटले की कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेते, बृहदीश्वराचे उत्तुंग विमान आणि सरस्वती महालातील हस्तलिखिते डोळ्यांपुढे येतात. समुद्र येत नाही. वस्तुतः या जिल्ह्याची एक सीमा समुद्राला भिडलेली आहे. शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटरांवर, पट्टुक्कोट्टै ओलांडून पुढे गेले की मल्लिपट्टिनम हे कोळ्यांचे बंदर लागते. त्याच्या जवळच, पाल्कच्या उपसागराकाठी, एक षट्कोनी, आठ मजली वास्तू उभी आहे. तिची उंची पाऊणशे फुटांच्या आसपास आहे. खिडक्या कमानदार असून मजल्यामजल्याला बाहेर आलेल्या वळचणींमुळे ती दुरून एखाद्या पॅगोड्यासारखी दिसते. सभोवार तट आणि खंदक आहे. या वास्तूचे नाव ‘मनोरा’. मराठीतला हा साधा शब्द तमिळ मुलखात विशेषनाम होऊन बसला आहे.

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी हा मनोरा इ. स. १८१४-१५ च्या सुमारास बांधविला. प्रयोजन मोठे विलक्षण होते : युरोपात झालेल्या नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक! १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेलेला होता. अशा राजाने कंपनीच्या राष्ट्राचा विजय चुन्याविटांत साजरा करावा, हा इतिहासाचा एक विचित्र विनोदच म्हटला पाहिजे. परंतु याच राजाने ग्रंथसंग्रह वाढविला, वैद्यकाचे प्रयोग करविले आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या आवारात भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी इतिहास दगडावर कोरवून घेतला. मंदिरातील तो लेख कठीण दगडावर असल्याने अजून टिकून आहे. मनोऱ्याचे तसे नाही. तो विटांचा व चुन्याचा आहे आणि खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उभा आहे. तो कसा टिकवावा, या प्रश्नात रसायनशास्त्राचा आणि पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडा दडलेला आहे.

आरंभी एक सनावळी ध्यानात ठेवावी. आज सर्वत्र वापरले जाणारे ‘पोर्टलंड सिमेंट’ या नावाचे पेटंट इंग्लंडातील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली घेतले. म्हणजे मनोरा उभा राहिला तेव्हा सिमेंट जन्मालाही आले नव्हते. ही गोष्ट साधी आहे; परंतु जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत ती विसरली गेल्यामुळे जेवढी हानी झाली, तेवढी कित्येकदा वादळांनीही केलेली नाही.

चुन्याचे चक्र

चुनखडी किंवा समुद्रातील शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व चुनकळी उरते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुनकळी मिळते. उरलेले ४४ किलो वायुरूपाने धुराड्यातून निघून जातात. चुनकळीवर पाणी ओतले की ती सळसळते, तापते, फुटते आणि तिचा मऊ लगदा होतो. यालाच चुना विरवणे म्हणतात. हा लगदा रेतीबरोबर घाणीत मळून भिंतीत घातला म्हणजे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. दगडापासून निघालेला पदार्थ अशा रीतीने फिरून दगड होतो. मात्र या शेवटच्या पायरीला वेळ लागतो. वायू बाहेरून आत झिरपत जातो. त्यामुळे जाड भिंतीच्या गाभ्यातील चुना पक्का होण्यास वर्षानुवर्षे जातात.

दक्षिणेकडील गवंडी या चुन्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घालीत. गुळाच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा अधिक विरघळतो, ही गोष्ट रसायनशास्त्राने पुढे सिद्ध केली. गवंड्यांना ती हाताच्या अनुभवाने ठाऊक होती. अखेरच्या गिलाव्यासाठी शिंपल्यांच्या चुन्यात अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग मिसळीत आणि तो संगमरवरासारखा चकचकीत होईपर्यंत घोटीत. मद्रासच्या ज्या गिलाव्याची युरोपीय प्रवाशांनी तोंड भरून स्तुती केली, तो हाच. आपल्या कोकणातही शिंपल्यांचा चुना भाजण्याचा धंदा जुना आहे.

चुन्याच्या भिंतीचे दोन गुण येथे महत्त्वाचे आहेत. एक, ती सच्छिद्र असते. आत शिरलेली ओल तिच्यातून बाहेर पडू शकते. दुसरा गुण असा की ती किंचित लवते. पाया थोडा खचला किंवा उन्हाने विटा फुगल्या, तरी ती एकदम तडकत नाही. बारीक भेग पडलीच, तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या भेगेत पुन्हा साचतो आणि भेग आपोआप बुजते.

लोणा

पावसाळा संपला म्हणजे जुन्या घरांच्या भिंतींवर जमिनीलगत पांढरी, भुसभुशीत पूड उमटते. तिला लोणा म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी की लोणा ही भिंतीची एक प्रकारची बुरशी आहे. तसे नव्हे. लोणा म्हणजे क्षार होत.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटतात तेव्हा त्यांचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर चढून भिंतींवर बसतात. खालून जमिनीतील खारट ओल, दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी, विटांच्या केसासारख्या छिद्रांतून वर चढते. पाण्याची वाफ होते, पण मिठाची होत नाही. ते मागे राहते व त्याचे स्फटिक बनतात. हे स्फटिक भिंतीच्या पृष्ठभागावर बनले तर फारसे बिघडत नाही. कुंचल्याने झाडून टाकता येतात. परंतु ते छिद्रांच्या आत बनले तर वाढता वाढता छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांहून वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते. त्याखाली उतरली की पुन्हा गोठते. समुद्रकाठी रात्री हवा दमट आणि दुपारी तुलनेने कोरडी, म्हणजे हा खेळ एका वर्षात शेकडो वेळा चालू शकतो. गंधकाम्लापासून झालेला सोडियम सल्फेट हा क्षार याहूनही वाईट. त्याचा प्रत्येक रेणू स्फटिक होताना पाण्याचे दहा रेणू सामावून घेतो आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक वाढते. विटेचे तांबडे पीठ होते ते यामुळे.

इटलीतील व्हेनिस शहर याच दुखण्याने ग्रस्त आहे. तेथील जुन्या बांधकामदारांनी पाण्याच्या पातळीशी इस्त्रियाचा घट्ट, न झिरपणारा दगड वापरून वरच्या विटांना ओलीपासून वाचविले होते. जमीन खचत गेली, समुद्राची पातळी चढत गेली आणि पाणी त्या दगडाच्या वर पोचून थेट विटांना लागले. बांधणाऱ्यांची योजना चुकली नव्हती. समुद्राने जागा बदलली.

मजबुतीचा भ्रम

आता समजा, पोपडे निघालेल्या अशा भिंतीवर कोणी सद्‌हेतूने सिमेंटचा गिलावा चढविला. काही वर्षे ती भिंत नवी, गुळगुळीत व भक्कम दिसते. पाहणारे समाधान पावतात. आत मात्र निराळेच चाललेले असते. जमिनीतून चढणारी ओल थांबलेली नसते. तिचा बाहेर पडण्याचा मार्ग तेवढा बंद झालेला असतो. ती आणखी वर चढते, किंवा सिमेंटच्या पाठीमागे, नेमकी मऊ विटेत, वाळते. मीठ तेथेच गोठते. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे काही क्षार असतात, त्यांची भर पडते. शेवटी सिमेंटचे कवच अखंड आणि त्यामागची वीट भुकटी, अशी अवस्था येते. कवच गळून पडते तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या विटेचा दर्शनी भागही त्याला चिकटून निघून येतो. तो कोणत्याही उपायाने परत बसविता येत नाही.

म्हणून जुन्या भिंतीच्या सांध्यात भरावयाचा मसाला विटेपेक्षा दुबळा असावा, हा नियम. सामान्य माणसाला तो उलटा वाटतो. परंतु ताण आला, मीठ साठले, तर काहीतरी झिजणारच. तेव्हा झिजायचे ते सांध्याने झिजावे, विटेने नव्हे. सांधा पुन्हा भरता येतो.

अधिक मजबूत वस्तू घातली म्हणजे अधिक चांगली दुरुस्ती झाली, या भ्रमाला मोठमोठे स्थापत्यविशारदही बळी पडले आहेत. अथेन्सच्या पार्थेनॉनची गोष्ट प्रसिद्ध आहे. प्राचीन ग्रीकांनी संगमरवराचे चिरे लोखंडी आकड्यांनी जोडले होते. पण त्या आकड्यांभोवती शिसे ओतून त्यांना हवापाण्यापासून जपले होते. इ. स. १८९८ नंतरच्या चार दशकांत निकोलाओस बालानोस यांनी जी दुरुस्ती केली, तीत लोखंड विपुल वापरले गेले. शिशाचे आवरण मात्र राहिले नाही. लोखंड गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने चिरे फुटले. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड काढून त्या जागी न गंजणारे टायटॅनियम बसविण्याचे काम सुरू झाले व ते पुढे कित्येक दशके चालले. दोन-अडीच हजार वर्षे उभ्या असलेल्या दगडांना दुरुस्तीनेच इतक्या थोड्या अवधीत फोडावे, याहून बोलके उदाहरण नाही.

दुरुस्तीची रीत

मग मनोऱ्यासारख्या वास्तूचे काय करावे? प्रथम जुन्या चुन्याचा नमुना तपासतात. त्यावर सौम्य आम्ल घातले की चुना विरघळून जातो आणि रेती खाली राहते. तिचे वजन करून चुन्यारेतीचे प्रमाण कळते, व चाळून दाण्यांचा आकारही. (नमुन्यात शिंपल्यांचे तुकडे असतील तर तेही आम्लात विरतात, म्हणून ते आधी भिंगाखाली पाहून घ्यावे लागतात.) नवा मसाला शक्य तो त्याच प्रमाणात करतात.

त्यानंतर भिंतीतले मीठ काढावयाचे. गळवावर पोटीस बांधतात, तसेच भिंतीला बांधतात! कागदाचा लगदा किंवा माती शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीवर थापतात. पाणी आत शिरते, मीठ विरघळविते आणि लगदा वाळू लागला की मिठासह त्यात परत येते. वाळलेला लगदा काढून टाकावयाचा व पुन्हा नवा लावावयाचा. कित्येकदा मीठ फार खोलवर असते. तेव्हा भिंतीवर चुन्याचा एक सच्छिद्र गिलावा मुद्दाम बळी म्हणून चढवितात. मीठ त्या गिलाव्यात येऊन साचते, काही वर्षांनी तो खराब होतो, मग तो खरवडून दुसरा देतात. अशा गिलाव्याचे खराब होणे हेच त्याचे काम. हिशेबतपासनिसाला हे समजावून सांगणे फार कठीण जाते.

चुन्याच्या कामाला ऋतूही पाहावा लागतो. महाराष्ट्रात पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. तंजावरच्या किनाऱ्याला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. भर उन्हाळ्यात लावलेला गिलावा भाजून तडकतो, पावसात लावलेला धुऊन जातो. त्यातून १६ नोव्हेंबर २०१८ रोजी या भागावरून गेलेल्या ‘गज’ चक्रीवादळासारखे संकट आले, तर ताजे काम टिकेलच असे नाही. चुना विरवून मुरत ठेवावयाचा, लावल्यावर दिवसेंदिवस ओलसर राखावयाचा; एका आर्थिक वर्षाच्या अखेरीस घाईने उरकण्याजोगे हे काम नाही. सिमेंटचे पोते मात्र केव्हाही फोडता येते. त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण बहुधा एवढेच आहे.

रसायनशास्त्र जेथे संपते, तेथे आणखी एक प्रश्न उभा राहतो : मूळ म्हणजे काय? १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना बृहदीश्वर मंदिराच्या गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात, नायक राजांच्या काळातील चित्रांखाली, चोळकालीन चित्रांचा थर आढळला. खालचा थर अधिक जुना, पण वरचाही शतकांपूर्वीचा. एकासाठी दुसरा खरवडून टाकावा काय? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी पुढे वरचा थर गिलाव्यासह अलगद उचलून फायबरग्लासच्या फळ्यांवर बसविला, आणि दोन्ही थर राखले. अशी युक्ती नेहमीच साधेल असे नाही. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने या बाबतीत सर्व देशांतील वास्तुरक्षकांना मार्ग घालून दिला : प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखावा, नवा भाग जुन्यापासून ओळखता यावा, आणि जेथे निव्वळ तर्क सुरू होतो तेथे हात आवरावा.

समुद्र स्वतःच चालून आला तर मात्र चुन्याचा उपाय चालत नाही. तरंगंबाडीला, जेथे तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या परवानगीने डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये डॅन्सबोर्ग किल्ला बांधावयास घेतला, तेथील मासिलामणिनाथाच्या प्राचीन मंदिराचा बराचसा भाग लाटांनी नेला. किल्ला राहिला, मंदिराचा बराचसा भाग राहिला नाही. दोहोंत अंतर फार थोडे आहे.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे. चांगल्या भाजलेल्या दोन सारख्या विटा घ्याव्यात. एकीच्या चारही बाजूंना, तळापासून दोन-तृतीयांश उंचीपर्यंत, सिमेंटचा पातळ लेप देऊन तो आठवडाभर ओला ठेवून पक्का होऊ द्यावा. मग दोन्ही विटा पसरट थाळ्यांत उभ्या करून बोटभर उंचीचे मिठाचे पाणी घालावे आणि वारा खेळेल अशा जागी ठेवाव्यात. पाणी कमी होईल तसे पुन्हा भरावे. प्रत्येक विटेवर ओल व पांढरी पूड कोठवर आली, तेथे दररोज पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. महिन्याभराने लेप दिलेल्या विटेचे सिमेंट छिन्नीने हलकेच काढावे, आणि त्याच्या आतल्या बाजूला काय चिकटून आले आहे ते भिंगातून पाहावे.