मुळांचे अदृश्य सोबती

झाडाला जमिनीतील अन्नपाणी कोण मिळवून देते, असा प्रश्न वर्गात विचारला, तर 'मुळे' असे उत्तर एका स्वरात मिळते. उत्तर बरोबर आहे. तथापि ते अपुरे आहे. पृथ्वीवरील बहुसंख्य वनस्पतींची मुळे हे काम एकट्याने करीत नाहीत. त्यांच्या आत आणि भोवती एक सूक्ष्म कवक, म्हणजे बुरशीच्याच वर्गातील जीव, वस्तीस असतो. आणि मुळाचा हात जेथे पोहोचत नाही, तेथून तो अन्न आणून देतो.

बुरशी म्हटली की शिळी भाकरी, पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चपला, द्राक्षावरील भुरी आणि ज्वारीवरील काणी आपल्याला आठवते. ही सारी नासधूस बुरशीच करते, यात शंका नाही. परंतु एका घराण्यात जसे उडाणटप्पू निघतात तसे कर्तबगारही निघतात. कवकांच्या घराण्यातील अशा कर्तबगारांची ओळख करून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

शोध कसा लागला

ट्रफल नावाचे एक अळिंबे आहे. ते जमिनीखाली, ओकसारख्या वृक्षांच्या मुळांजवळ वाढते. त्याचा सुगंध आणि त्याची किंमत, दोन्ही युरोपात प्रसिद्ध आहेत. या ट्रफलची लागवड करता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने बर्लिन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बेर्नहार्ट फ्रांक यांजकडे सोपविले. ट्रफलची लागवड त्यांना साधली नाही. पण वृक्षांची बारीक मुळे तपासताना त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मुळांच्या टोकांवर कवकतंतूंचे जणू मोजेच चढविलेले होते, आणि तरीही ती झाडे रोगट नसून चांगली निरोगी होती. १८८५ साली फ्रांक यांनी या जोडीला 'मायकोऱ्हायझा' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'मायकेस' म्हणजे कवक आणि 'ऱ्हायझा' म्हणजे मूळ. आपण यास 'कवकमूळ' म्हणू.

कवक झाडाचे पोषण करते, ही कल्पना त्या काळच्या अनेक विद्वानांना पटली नाही. जे कवक मुळावर बसते ते मूळ खाणारच, असा त्यांचा समज होता. तेव्हा फ्रांक यांनी प्रयोग केला. पाइनची रोपे त्यांनी दोन प्रकारच्या मातीत लावली : एक तापवून निर्जंतुक केलेली, दुसरी जंगलातून आणलेली तशीच. नैसर्गिक मातीतील रोपे कवकासह जोमाने वाढली; निर्जंतुक मातीतील मागे राहिली. वादाचा निकाल अशा रीतीने रोपांनीच दिला.

कवकमुळांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कवक मुळाभोवती आवरण करते आणि पेशींच्या मधल्या फटींत शिरते, मात्र पेशीच्या आत जात नाही. पाइन, देवदार, ओक, साल या वृक्षांत हा प्रकार आढळतो. दुसऱ्या प्रकारात कवक पेशीभित्ती ओलांडून आत जाते आणि तेथे इवल्याशा झाडासारख्या फांद्या पसरते. गहू, ज्वारी, कापूस, कांदा, तूर, आंबा अशा आपल्या ओळखीच्या असंख्य वनस्पतींत हाच प्रकार असतो. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष दगडात उत्तम टिकून राहिले आहेत. त्यांच्या पेशींतही अशाच फांद्या असल्याचे १९९४ साली संशोधकांनी दाखवून दिले. त्या वनस्पतींना खरी मुळेसुद्धा नव्हती. म्हणजे ही मैत्री मुळांहूनही जुनी ठरते!

या नियमास अपवादही आहेत. मोहरी, कोबी, मुळा यांचे कुळ आणि पालक, बीट यांचे कुळ कवकाशी सहसा सोयरीक करीत नाही. हा अपवाद लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

दोघांमधील देवघेव

वनस्पतीस नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन द्रव्ये मोठ्या प्रमाणात लागतात, हे आपण शिकतो. यांपैकी स्फुरदाचा स्वभाव मोठा हट्टी. तो मातीत असला तरी सहजासहजी जागचा हलत नाही. गोमंतक व कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्यास धरून ठेवतात. माळवा व दख्खनच्या काळ्या मातीत चुना त्यास बांधून ठेवतो. मुळाने आपल्या लगतचा स्फुरद शोषून घेतला की त्याच्याभोवती एकदोन मिलिमीटर रुंदीचा एक रिकामा पट्टा तयार होतो. पलीकडे स्फुरद असतो, पण तो चालून येत नाही. आणि मूळ काही क्षणात तेथवर वाढू शकत नाही.

येथे कवकाची कामगिरी सुरू होते. त्याचे तंतू अवघे २ ते १० मायक्रॉन जाडीचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मुळास जेथे शिरकाव नाही अशा मातीच्या छिद्रांतून ते जातात, रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पलीकडे पोहोचतात, आणि तेथील स्फुरद व जस्त आणून मुळाच्या पेशीत पोहोचते करतात. याच्या मोबदल्यात वनस्पती पानांत तयार झालेली शर्करा आणि स्निग्ध द्रव्ये कवकास देते. आपल्या कमाईचा पाचवा हिस्सासुद्धा ती कधीकधी यात खर्च करते. हे कवक स्वतः अन्न तयार करू शकत नाही, आणि जिवंत मुळावाचून त्याचे जीवनचक्र पुरे होत नाही.

ही देवघेव आंधळी मात्र नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, जे कवक अधिक स्फुरद देते त्यास वनस्पती अधिक शर्करा पुरविते. आणि कवकही उदार मुळास अधिक स्फुरद देते. मातीत स्फुरद मुबलक असेल, तर वनस्पती कवकास फारसा थारा देत नाही. ज्याची गरज नाही असा नोकर पगार देऊन कोण ठेवील? म्हणूनच सुपर फॉस्फेटची भारंभार मात्रा देणारा शेतकरी नकळत या सोबत्याला शेतातून हुसकून लावीत असतो.

सोबती नसला तर काय होते

वेस्ट इंडीजमधील पोर्टो रिको बेटावर पाइनची जंगले वाढविण्याचे प्रयत्न १९३० नंतरच्या काळात पुन्हापुन्हा फसले. बी रुजे, रोपे वर येत, पण पुढे ती पिवळी पडून खुरटत. पाइन हा तेथला मूळचा वृक्ष नव्हे. त्यामुळे त्याचा सोबती कवकही त्या मातीत नव्हता. १९५५ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील पाइनच्या बनातली माती आणून काही रोपांच्या मुळाशी घातली गेली. ती रोपे भराभर वाढली. ज्यांना ती माती मिळाली नाही ती तशीच खुरटी राहिली. मूठभर मातीतून आलेल्या अदृश्य तंतूंनी अनेक वर्षांचे अपयश संपविले.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात आपल्यासारखीच काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे. पावसाची ओल साठविण्यासाठी तेथील शेतकरी जमीन एक वर्षाहून अधिक काळ पडीक ठेवीत. विश्रांती घेतलेल्या जमिनीत पीक चांगले यावे. परंतु ते पुष्कळदा खुरटे येई आणि त्यात स्फुरद व जस्त यांची उणीव दिसे. जे. पी. थॉम्प्सन यांनी १९८७ साली या कोड्याचा उलगडा प्रसिद्ध केला. जमीन मोकळी राहिली म्हणजे जिवंत मुळे राहत नाहीत. मुळे नसली की कवकाची उपासमार होते, आणि पुढील पिकास सोबती मिळत नाही.

आपले शेतकरी 'बेवड' हा शब्द वापरतात. आधीच्या पिकामुळे जमिनीस जो गुण किंवा अवगुण येतो, तो बेवड. द्विदल पिकाचा बेवड चांगला, हे ते अनुभवाने जाणतात. द्विदल पिकामुळे नत्र मिळतो ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असतेच. त्याचबरोबर त्याची मुळे कवकास पोसतात, हेही आता ध्यानात घ्यावे. उलट मोहरी-कोबीच्या कुळातील पिकानंतर जमिनीत कवक कमी उरते. वर सांगितलेल्या अपवादाचा उपयोग तो हाच.

पहारेकरी कवक

सारेच उपयुक्त कवक मुळाच्या आत राहतात असे नाही. ट्रायकोडर्मा नावाचे हिरवट रंगाचे कवक मातीत आणि मुळांच्या परिसरात राहते आणि इतर कवकांवर तुटून पडते. ते त्यांच्या तंतूंना विळखे घालते, पाचक रसांनी त्यांच्या भित्ती विरघळविते आणि त्यांचे अन्न बळकावते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली त्याचा हा गुण प्रथम नीट वर्णन केला. हरभरा व तूर यांचा मर रोग, भुईमुगाची मूळकूज अशा रोगांना आळा घालण्यासाठी आज आपल्याकडे पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्माची पूड चोळतात. मात्र बुरशीनाशक औषध आणि हे कवक एकत्र वापरू नये. पहारेकरी नेमावयाचा आणि त्यालाच विष घालावयाचे, असा तो प्रकार होईल.

वाखाच्या झाडाचे उदाहरण

भांग हे नाव ऐकताच आपल्याला नशा आठवते. त्याच झाडाच्या खोडापासून निघणाऱ्या चिवट वाखाने एके काळी युरोपातील जहाजांची शिडे आणि दोरखंड पुरविले. हिमालयातील कुमाऊँ व गढवाल भागात हा वाख पूर्वीपासून वापरात आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने या झाडाच्या लागवडीवर कडक बंधने आहेत. मात्र वाख व बी यांसाठी परवान्याने लागवड करण्यास उत्तराखंड राज्याने २०१८ साली सुरुवात केली. कॅनडात अशी लागवड १९९८ पासून परवान्याने होते. या झाडाची मुळेही कवकाशी मैत्री करतात. त्यामुळे ते पिकविणाऱ्या देशांत कवकाच्या पुड्यांचा मोठा व्यापार उभा राहिला.

त्या व्यापारातून घेण्यासारखा धडा सर्वच पिकांना लागू पडतो. कुंडीत स्फुरदयुक्त खत भरपूर घालावयाचे आणि वर महागडे कवकही घालावयाचे, यात कवकाचे पैसे वाया जातात, कारण धष्टपुष्ट झाड त्यास दारातच अडविते. शिवाय बाजारातील कित्येक मिश्रणांत जिवंत कवक पुरेसे नसल्याचे परीक्षणांत आढळले आहे. पुडीवरील मजकूर हा पुरावा नव्हे. मुळाचे परीक्षण हाच पुरावा.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

कांद्याची मुळे जाड, विरळ आणि जवळजवळ केशहीन असतात. त्यामुळे कवकाचा परिणाम त्यात चांगला दिसतो. वाळू आणि कमी कसाची माती समभाग मिसळून तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक तास वाफवावी व थंड होऊ द्यावी. दहा कुंड्या भराव्या. पाच कुंड्यांत जुन्या गवताच्या किंवा ज्वारीच्या मुळांजवळची ताजी माती मुळांच्या तुकड्यांसह मूठ-मूठ घालावी. उरलेल्या पाचांत तीच माती वाफवून घालावी, म्हणजे तुलना न्याय्य होईल. सर्वांत कांद्याचे बी पेरावे, पाणी सारखेच द्यावे, सुपर फॉस्फेट घालू नये. दहा ते बारा आठवड्यांनी पातींची उंची व वजन यांची सरासरी काढावी. एकेकच कुंडी ठेवली, तर फरक कवकामुळे पडला की योगायोगाने, हे सांगता येत नाही.

मुळातील कवक डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात तापवून पारदर्शक करावी, स्वच्छ धुवावी आणि व्हिनेगरमध्ये थोडी शाई मिसळून तीत रंगवावी. ही शाई-व्हिनेगरची सोपी रीत १९९८ साली प्रसिद्ध झाली. सूक्ष्मदर्शकाखाली रंगलेले तंतू आणि पेशींतील फांद्या दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी व डोळे यांस भाजते. विद्यार्थ्यांनी ते स्वतः हाताळू नये.

हे का जाणावे

स्फुरदाचे खत खडकातून काढावे लागते. असा खडक आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे आहे. परंतु आपली गरज त्याने भागत नाही, आणि बराच मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. जगातील साठ्यांपैकी सर्वांत मोठा वाटा एकट्या मोरोक्कोकडे आहे. खाणीतून काढलेला खडक पुन्हा उगवत नाही. आपण मात्र तो विकत आणून शेतात घालतो, आणि त्याचा पुष्कळसा भाग मातीत अडकून पडतो.

कवक खताची जागा सर्वस्वी घेईल, असे कोणी समजू नये. मातीत जे मुळीच नाही ते कवकही आणू शकत नाही. पण जे अडकून पडले आहे, त्यातील काही भाग ते पिकापर्यंत पोहोचवू शकते. त्यासाठी पुडी विकत घेण्यापूर्वी घरच्या कवकास जगविणे शहाणपणाचे. मातीपरीक्षा करूनच स्फुरद द्यावा. वारंवार खोल नांगरट करून तंतूंचे जाळे तोडू नये. जमीन दीर्घकाळ उघडी न ठेवता ताग, मूग, चवळी अशा पिकांनी झाकावी. शेणखत व पालापाचोळा जाळू नये. यांपैकी एकाही गोष्टीस फार पैसा लागत नाही. लागते ते इतकेच, की पायाखालची माती निर्जीव नाही हे शेतकऱ्याने, आणि उद्या शेतकरी होणाऱ्या विद्यार्थ्याने, मनोमन मानावे.