अँटिव्हायरस काढायचा तर मुळासकट

पोरी, नवा लॅपटॉप हातात आला की त्यात काय काय भरून आलंय ते आधी बघ. एचपी, डेल, लेनोवो, एसर, कुणाचाही घे. बऱ्याच मॉडेलांत विंडोजच्या जोडीला मॅकॅफी नाहीतर नॉर्टन आलेलाच असतो. आपण तो मागितलेला नसतो. अँटिव्हायरसवाली कंपनी त्यासाठी लॅपटॉप बनवणाऱ्याला पैसे मोजते. मग ट्रायल संपत आली की ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ ही पाटी रोज समोर येऊ लागते. माझ्या दुकानात येणारी कितीतरी माणसं त्या पाटीला घाबरून पैसे भरून मोकळी झालेली असतात. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचे असे पैसे गेलेले पाहिले की जीव तुटतो. म्हणून तुला हे नीट लिहून देतोय.

पहिली भीती मनातून काढ. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, विंडोजमध्येच असतो. त्याला ट्रायल नाही, वेगळे पैसे नाहीत. अभ्यास, बँकेची कामं, सिनेमे एवढ्यासाठी मी तोच पुरेसा मानतो. दुसरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपणहून बाजूला सरतो, कारण एका दारावर दोन पहारेकरी ठेवले तर ते एकमेकांनाच अडवत बसतात. दुसरा पूर्ण निघाला की डिफेंडर परत कामाला लागतो. पण अर्धवट निघाला, तर विंडोजच्या नोंदीत त्याचं नाव तसंच राहू शकतं. मग तो काम करत नाही आणि डिफेंडरही बंद राहतो. असे लॅपटॉप मी बघतो, म्हणून ‘मुळासकट’ या शब्दावर माझा एवढा जोर.

प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन फोल्डर डिलीट करायचा मोह टाळ. व्हायरसने आपल्याला उडवू नये म्हणून अँटिव्हायरस स्वतःच्या फायली राखून असतो, त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसलेले असतात. फोल्डर पुसलास तर बहुधा अनइन्स्टॉलरच जाईल आणि ड्रायव्हर मागे राहतील. मग सरळ वाटही बंद.

हात घालण्याआधी थोडी तयारी कर. चार्जर लाव. एक रिस्टोअर पॉइंट बनव. आणि हे विसरू नकोस: हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालतं तिथे) जाताना किंवा रिसेट करताना ती बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की मागू शकते. ही की तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. मोबाइलवरून ते अकाउंट उघड, की कागदावर उतरवून घे, मगच पुढे जा. अकाउंटचा पासवर्डही पाठ असू दे, कारण सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही. की नसेल तर डेटा कुणालाच परत काढून देता येत नाही, हे दुकानात गिऱ्हाइकाला सांगताना माझाच घसा कोरडा पडतो.

आता मुख्य काम. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. तिथे त्या कंपनीच्या नावाने शोध, म्हणजे एकाच कंपनीच्या दोन-तीन नोंदी निघतील. मॅकॅफीचा मुख्य प्रोग्राम वेगळा आणि वेबअ‍ॅडव्हायझर वेगळा. मुख्य काढलास तरी वेबअ‍ॅडव्हायझर राहतो. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एक छोटं अ‍ॅपही असतं, ते स्टार्ट मेनूत राइट क्लिक करून काढायचं. अनइन्स्टॉल करताना मधेच ‘थांबा, सवलत देतो’ अशी खिडकी आली तर शांतपणे वाच. मोठं रंगीत बटण बहुतेक वेळा ठेवून घेण्याचं असतं, काढण्याचं बारीक अक्षरात असतं. सगळं झालं की रिस्टार्ट. शटडाउन करून परत चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही.

यानंतर कंपनीचंच साफसफाईचं टूल चालव. हा टप्पा लोक गाळतात. मॅकॅफीचं एमसीपीआर आहे. ते दर वेळी नव्याने उतरवून घ्यायचं, जुनी प्रत वापरायची नाही. मधे पडद्यावरची अक्षरं टाइप करायला सांगतं. लहान-मोठी अक्षरं जशी दिसतात तशीच टाक. नॉर्टनचं टूल ‘रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल’ नावाचं आहे आणि तिथेच माणसं फसतात. सरळ पुढे गेलीस तर ते नॉर्टन काढून पुन्हा बसवतं. आधी ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघड आणि ‘रिमूव्ह ओन्ली’ निवड. अव्हास्ट असेल तर त्याचं टूल सेफ मोडमध्ये चालवायचं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक केलंस की ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्ज येतात, तिथे 4 दाब.

आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देताना पुष्कळदा पुण्याच्या क्विक हीलची प्रत घालून देतात. ती पैसे देऊन घेतलेली असेल तर काढण्याआधी प्रॉडक्ट की लिहून ठेव, दुसऱ्या मशीनला कामी येईल.

ही टूल्स फक्त त्या-त्या कंपनीच्या साइटवरूनच घे. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरातीच्या लिंका येतात, त्यांवर जाऊ नकोस. आणि पडद्यावर कुठलाही फोन नंबर दिसला तर लावायचा नाही. खऱ्या इशाऱ्यात ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं नसतं. कुणी एनीडेस्क, म्हणजे लांबून तुझा लॅपटॉप चालवू देणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगितलं तर फोन तिथेच ठेव.

ब्राउझर राहिला. क्रोम आणि एज दोन्हींत एक्स्टेन्शन्स बघ, नोटिफिकेशनची परवानगी कुठल्या साइट्सना दिलीय तेही बघ. अँटिव्हायरस केव्हाच गेलेला असतो आणि तरी कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ म्हणून पाट्या येत राहतात, त्या पुष्कळदा या परवानगीतून येतात.

सगळं निघालं याची खात्री कशी करायची? विंडोज सिक्युरिटी उघड, सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ला जा. अँटिव्हायरसखाली एकट्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं नाव हवं आणि तो चालू हवा. मग विंडोज अपडेट चालवून त्याच्या व्हायरस ओळखायच्या व्याख्या ताज्या कर, कारण बंद असताना त्या शिळ्या झालेल्या असू शकतात. माझं मात्र एवढ्याने समाधान होत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघड आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं सलग टाइप करून एंटर मार. फायलींवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते, प्रत्येकापुढे एक आकडा असतो. अँटिव्हायरसांना 320000 ते 329998 यांमधले आकडे दिलेले आहेत. डिफेंडरचा ड्रायव्हर डब्ल्यूडीफिल्टर, त्याचा आकडा 328010. या पट्ट्यात तेवढी एकच ओळ दिसली, तर बहुधा मूळ निघालं. दुसरी ओळ दिसली तर टूल सेफ मोडमध्ये परत चालव. हाताने रजिस्ट्री खणायला बसू नकोस, आणि रजिस्ट्री क्लीनर नावाचं फुकट सॉफ्टवेअर तर घरातही आणू नकोस.

प्रोग्राम गेला म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. ट्रायल सुरू करताना कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे दिलं असेल, तर कंपनीच्या साइटवर लॉगिन करून ऑटो-रिन्यूअल वेगळं बंद करावं लागतं. बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये मँडेट दिसतो, तोही रद्द कर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज न वाचता पुसू नकोस. वडिलांचं कार्ड वापरलं असेल तर त्यांच्या फोनवरही बघ.

एवढं करूनही एखादा लॅपटॉप ऐकत नाही. मग दुकानदार म्हणेल, ‘फॉरमॅट मारून देतो.’ मारू दे, पण ‘रिसेट धिस पीसी’ने नको, त्यात लॅपटॉप कंपनीने भरलेलं सॉफ्टवेअर पुन्हा येऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर कोरं विंडोज घे आणि त्यावरून बसव. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते, विंडोज ती आपण होऊन वाचतं. ‘विंडोजचे वेगळे पैसे पडतील’ असं कुणी म्हणालं तर देऊ नकोस, मला फोन कर. आणि फॉरमॅट मारण्याआधी तुझे फोटो, प्रोजेक्ट, मार्कशीट सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून, उघडून बघून घे.