भट्टीत काय टाकलं?

मीरा : आप्पा, डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली रोज एक टन प्लास्टिकपासून ८०० लिटर डिझेल करणारा प्रकल्प सुरू झाला. मग सगळीकडेच का करत नाहीत?

आप्पा : तूही लिटरच मोजायला लागलीस! भट्टीत काय टाकलं, हे कुणी विचारतच नाही.

मीरा : पण ते डिझेल शेवटी जाळणारच ना?

आप्पा : तिथे येतो. आत हवा नसते, त्यामुळे प्लास्टिक जळत नाही, तुटतं. पॉलिथिनची लांबलचक साखळी ४०० अंशांच्या वर हवी तिथे तुटते. तुकडे मोठे राहिले तर मेण, मधले तर तेल, अगदी बारीक झाले तर वायू. ताप वाढवला किंवा वाफ आत रेंगाळली, की हाती आलेल्या तेलाचाही वायू होतो. ताप किती आणि वाफ कधी बाहेर काढायची, सगळं कसब यात आहे. शिवाय वितळलेल्या प्लास्टिकमधून उष्णता नीट पसरत नाही. न ढवळलेल्या खिचडीसारखं कडेला करपतं, मध्ये कच्चं राहतं. झिओलाइटचा उत्प्रेरक घातला तर कमी तापात हलकं तेल मिळतं, पण काजळी धरून तो लवकर मंदावतो.

मीरा : बरं. पण जाळणार असू तर...

आप्पा : ऐक गं! पीव्हीसी शिरलं की ३०० अंशांच्या आतबाहेरच त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं आणि पोलाद खातं. तो आधीच वेगळा काढावा लागतो. एका कारखान्यात मी सांगून थकलो, की कचरा निवडणाऱ्या बायकांना नीट पगार द्या, माल सुकवायला शेड बांधा. पैसे गेले चकचकीत कंट्रोल रूमवर, आणि पोत्यांतून चिखल, वायरींची आवरणं भट्टीत.

मीरा : जाळण्याचं राहिलंच, आप्पा.

आप्पा : तुझी शंका रास्त आहे. डिझेल केलं तर कार्बन हवेतच जातो. पॉलिस्टायरिनचं तसं नाही, त्यातून बरंचसं स्टायरिन परत मिळतं आणि त्याचं पुन्हा प्लास्टिक होतं. पॉलिथिनचं तेलही शुद्ध करून क्रॅकरमध्ये, म्हणजे नव्या प्लास्टिकचा कच्चा माल बनतो त्या भट्टीत, नेता येतं, मात्र क्लोरीन अगदी नगण्य हवा.

मीरा : आणि भट्टी तापवायला?

आप्पा : बहुतेक ठिकाणी तिचाच वायू जाळतात. तेवढा कार्बन सुटतोच.

मीरा : मग ज्याच्या बादल्या, घमेली होतात, ते भट्टीत घालूच नये?

आप्पा : मुळीच नाही. भंगारवालाही जे उचलत नाही, तेवढंच तिच्याकडे यावं. आणि तेही सुकवून.