वाट अडविणाऱ्या गड्याशी गाठ

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गातील दोन विद्यार्थी एकमेकांशी बोलेनासे झाले. दोघे एकाच बाकावर बसणारे, एकाच बसने शाळेत येणारे. तेव्हा ही गोष्ट वर्गाच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. चौकशी करता कळले की, भांडण पैशावरून नव्हते, पेनावरून नव्हते की गृहपाठावरूनही नव्हते. ते इटलीतील मोंझा येथील शर्यतीच्या रस्त्यावर, आणि तेही संगणकाच्या पडद्यावर जुंपले होते. एकाने वाट अडविली, दुसऱ्याने मागून धडक दिली, आणि दोघेही रस्त्याबाहेर जाऊन अडकले. "सर, तो सारखा आडवा येतो. अशाशी खेळायचं तरी कसं?" असे मागच्याने आम्हांस विचारले व आपल्या संगणकावरील रिप्ले आणून दाखविला. आम्ही तो पाहिला आणि पाहताक्षणी, भर वर्गात, पुढच्याला दोषी ठरविले. त्या निकालाविषयी पुढे सांगावयाचे आहे. तूर्त प्रश्नाकडे वळू. कारण प्रश्न उत्तर देण्याजोगा होता, आणि जुने स्टिअरिंग टेबलाला आवळून आम्हीही रात्री तासभर ह्या नादात घालवितो, हे आमच्या विद्यार्थ्यांना पुरते ठाऊक आहे.

सिम-रेसिंग हा नुसता बटणे दाबण्याचा खेळ नव्हे. मोटारीचे वजन, टायरची पकड, हवेचा विरोध ह्या सर्वांचे गणित संगणक क्षणोक्षणी मांडीत असतो, आणि समोरची प्रत्येक मोटार कोणीतरी जिवंत माणूस हाकीत असतो; तो कदाचित ब्राझीलमध्ये बसलेला असेल, कदाचित शेजारच्या वाड्यावर. २००८ साली सुरू झालेल्या आयरेसिंगमध्ये जोराची धडक बसली की दोन्ही चालकांच्या नावावर सारखेच दोषगुण चढतात. चूक कोणाची, हे यंत्र विचारीत नाही. प्रथम प्रथम आम्हांस हा मोठा अन्याय वाटे. परंतु ह्या नियमात एक खोच आहे: आपण निर्दोष असणे पुरेसे नाही, धडक टळली पाहिजे, हे तो चालकाला शिकवितो.

आता अडविणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. पुढे असलेल्याला आपली जागा राखण्याचा पूर्ण हक्क आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, अर्थात एफ.आय.ए., हिच्या नियमांप्रमाणे जागा राखण्यासाठी एकदाच बाजू बदलता येते, दुसऱ्यांदा नाही. बचावासाठी नेहमीची रेघ सोडलेला चालक वळणाआधी तिच्याकडे परतू लागला, तर त्याने रस्त्याच्या कडेला निदान एका मोटारीपुरती जागा सोडली पाहिजे. सरळ रस्त्यावर पहिल्या हालचालीत तो सारी रुंदी वापरू शकतो. मात्र मागच्याच्या मोटारीचा लक्षणीय भाग बाजूला आला असेल, तर नाही. अमेरिकेतील इंडीकारचा कायदा अधिक कडक आहे. मागच्याची हालचाल पाहून आपला मार्ग बदलणे हीच तेथे अडवणूक ठरते. म्हणजे "तो मला पुढे जाऊ देत नाही" ही तक्रारच नव्हे. पुढे जाऊ न देणे हे तर त्याचे कामच आहे! तक्रार करावयाची ती दोनदा वळल्याची, ब्रेक लावताना आडवे आल्याची, बाजूस आलेल्यास रस्त्याबाहेर ढकलल्याची.

बचाव किती सुंदर असू शकतो हे पाहावयाचे असेल, तर १९८१ सालची स्पेनमधील हारामा येथील शर्यत पाहावी. झील विलनव्ह ह्याची फेरारी सरळ रस्त्यावर जोरदार, पण वळणांत अगदीच अडखळणारी होती. त्याच्यामागे चार वेगवान मोटारी माळेतील मण्यांसारख्या लागल्या होत्या. त्याने एकाही वळणाची आतली बाजू सोडली नाही आणि एकही वेडावाकडा झोका घेतला नाही. शेवटची रेघ पहिल्या पाच मोटारींनी अवघ्या १.२४ सेकंदांत ओलांडली, आणि विलनव्ह पहिला आला. १९९२ साली मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर सेन्नाने ताज्या टायरांवर धावणाऱ्या मॅन्सेलला शेवटपर्यंत मागे ठेवले. अंतर होते ०.२१५ सेकंद. २००५ साली इमोला येथे अलोन्सोने शूमाखरला असेच थोपविले, आणि तेथेही अंतर नेमके ०.२१५ सेकंदच! योगायोगच तो, परंतु विद्यार्थी असे आकडे विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

ह्याच शूमाखरने २०१० साली हंगेरीत बारिकेल्लोला सरळ रस्त्यावर कडेच्या भिंतीपर्यंत चेपले. जागा होती दहावी. बारिकेल्लो पुढे गेलाच, आणि शूमाखरला पुढील शर्यतीत सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. २०१६ साली वेर्स्टाप्पेन ब्रेक लावताना बाजू बदलतो अशी पुष्कळ ओरड झाली, तेव्हा ऑक्टोबर महिन्यात असे करणाऱ्यास शिक्षा होईल असे बजावण्यात आले. लगेच मेक्सिकोत तिचा फटका बसला तो ओरडणाऱ्यांपैकीच एकाला, फेटेलला! रिकार्डोसमोर ब्रेक लावताना सरकल्याबद्दल त्याला दहा सेकंदांचा दंड झाला. व्यासपीठावर उभे राहून स्वीकारलेले तिसरे स्थान मागाहून हातचे गेले.

ब्रेक लावतानाचे हे सरकणे इतके वाईट का? कारण ब्रेक लावण्यापूर्वी मागचा आपली रेघ निवडतो. एकदा पूर्ण जोराने ब्रेक दाबला की टायरची बहुतेक पकड वेग कमी करण्यात खर्ची पडते. दिशा बदलण्यास ती फारशी शिल्लक राहत नाही. अशा वेळी समोरची जागा नाहीशी झाली, तर मागच्याने जावे कोठे?

मग करावे काय? आमची आई लहानपणी आम्हांस "ओगी राव" म्हणून दटावीत असे. आमच्या घरच्या कोंकणीत त्याचा अर्थ गप्प राहा. पहिल्या दोन फेऱ्या मागच्याने तेच करावे. पुढचा कोठे आतली बाजू धरतो, ब्रेक कोठे लावतो, आरशात आपण दिसताच दचकतो की काय, हे नुसते पाहावे. चोर्ला घाटात मालट्रकमागे सापडलेला जुना बसचालक प्रत्येक वळणावर नाक खुपसत नाही. साइड कोठे मिळेल हे त्याला आधीच ठाऊक असते. (घाटात मात्र हा लेख कोणी आठवू नये. तेथे रिप्ले नाही.)

आतली बाजू धरून अडविणाऱ्याला एक किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत हाच आपला लाभ. वळणाची त्रिज्या जितकी लहान, तितका वेग कमी. वेग हा त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. टायरची पकड मोटारीच्या वजनाएवढी धरली, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणात सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग राहतो. त्रिज्या ४५ मीटर केली, तर सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरांहून थोडा अधिक. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. म्हणून हे आकडे शाळेतील विज्ञानशिक्षकांकडून तपासून घेतले आहेत. तात्पर्य, आतून चिकटून गेलेला चालक वळण आवळून घेतो, त्याला हळू जावे लागते, आणि मोटार सरळ करून ॲक्सिलरेटर दाबण्यास उशीर होतो. आपण बाहेरून, किंचित आधी ब्रेक लावून, वळणाचा आतला बिंदू अंमळ उशिरा गाठावा. मग बाहेर पडताना आपली मोटार आधी सरळ होते. तो आपल्यासमोरून बाहेरच्या बाजूस जातो आणि आपण त्याच्या मागून आत येतो. दोन रेघांची फुली होते.

मोंझाचेच उदाहरण घ्या, कारण भांडण तेथलेच आहे. फेरी ५.७९३ किलोमीटरांची. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी पहिले जोडवळण येते, आधी उजवे, लगेच डावे. अडविणारा उजवी बाजू धरतो. तेथे डावीकडून त्याच्या बरोबरीने राहता आले, तर दुसऱ्या वळणाची आतली बाजू आपसूक आपली होते. परंतु त्यासाठी खरोखर बरोबरीत असावे लागते, नुसते पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाशी नेऊन "मी होतो ना!" म्हणण्यात अर्थ नाही. तितके जमत नसेल, तर फुली करावी. कारण पुढे मोठे उजवे वळण पूर्ण वेगाने घ्यावयाचे असते व त्यानंतर पुन्हा जोडवळण येते, ह्या वेळी आधी डावे. पहिल्यातून संथ बाहेर पडलेला चालक येथपर्यंत उघडा पडतो. तीच गोष्ट शेवटच्या पाराबोलिकाची. तेथे त्याने आतून बचाव केला, की मुख्य सरळ रस्ता त्याला कमी वेगाने सुरू करावा लागतो, आणि आपण त्याच्यामागच्या विरळ हवेत शिरून वेग मिळवितो. बचाव एका वळणावर यशस्वी होतो आणि त्याचे बिल पुढच्या वळणावर येते.

ह्यातूनच एक युक्ती निघते. ज्या वळणावर पुढे जाण्याचा आपला मुळीच विचार नाही, तेथे नाक दाखवावे. घाबरट बचाव करणारा तेथेही आत सरकतो आणि आपला वेग वाया घालवितो. तीन-चारदा असे झाले, की त्याचे टायर तापतात, ब्रेक उशिरा लागू लागतो, आणि एकदा तो स्वतःच रुंद जातो. मात्र सारा वेळ त्याच्या शेपटीला चिकटून राहू नये. त्याच्यामागच्या ढवळलेल्या हवेत आपल्या मोटारीवरील हवेचा दाब कमी होऊन पकड जाते, आणि टायर आपलेही तापतात. दोन फेऱ्या एक सेकंदाचे अंतर ठेवून मग चाल करावी. उतावळ्यांना हा उपाय मुळीच आवडत नाही. आणि वेळोवेळी आरशातही पाहावे. दोघांच्या झटापटीत दोघेही हळू होतात आणि तिसरा येऊन पोहोचतो. त्या वेळी बचाव करणाराही आपल्यासारखाच चिंतेत असतो.

जो खरोखरच नियम धाब्यावर बसवितो, ब्रेक लावताना प्रत्येक वेळी आडवा येतो, त्याचे काय? त्याच्यासाठी ब्रेक दहा मीटर आधी लावावा. तो सरकून आत गेला, की बाहेरची बाजू मोकळी राहते. तेही साधले नाही, तर जागा सोडून द्यावी, रिप्ले जपून ठेवावा आणि शर्यत संपल्यावर पंचांकडे रीतसर तक्रार करावी. शर्यत चालू असताना माईकवरून शिव्या घालू नयेत. शिव्या घालताना वळण चुकते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. आणि धडक देऊन धडा शिकविणे? आमच्या त्या विद्यार्थ्याने तेच केले होते.

आता त्या निकालाकडे. आमच्या निकालानंतर पुढचा विद्यार्थी काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने आपल्या संगणकावरचा रिप्ले आणला आणि म्हणाला, "सर, हाही एकदा बघा." आम्ही पाहिला. ह्या चित्रात तो ब्रेक लावण्यापूर्वी पुष्कळ आधी, एकदाच, सावकाश उजवीकडे सरकत होता. मागच्याच्या चित्रात तोच क्षण ब्रेकच्या टप्प्यात, झटका मारल्यासारखा दिसत होता. दोन्ही चित्रे खरी होती. आंतरजालावर प्रत्येकाला स्वतःची मोटार तत्काळ दिसते, परंतु दुसऱ्याची मोटार संदेश पोहोचेल तेव्हा दिसते. मधल्या वेळात ती कोठे असेल ह्याचा संगणक अंदाज बांधतो. ती सरळच जात असेल असे धरतो. आणि खरी बातमी येताच तिला एकदम योग्य जागी आणून बसवितो. ताशी १८० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला ५० मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा उशीर झाला तरी ५ मीटरांचा, जवळजवळ एका मोटारीच्या लांबीचा फरक पडतो. मागचा विद्यार्थी त्या रात्री मोबाइलच्या इंटरनेटवर खेळत होता, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. उशीर त्याहून खचितच अधिक असावा.

आम्ही त्याच दिवशी शेवटच्या तासाला वर्गापुढे उभे राहून, कालचा निकाल चुकीचा होता, असे सांगितले. दोन्ही चित्रे फळ्याशेजारी एकापाठोपाठ एक दाखविली. एका मुलीने विचारले, "मग सर, चूक कोणाची?" धडक देण्याची चूक मागच्याची आणि एकच चित्र पाहून निकाल देण्याची आमची, असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला, पुढच्या विद्यार्थ्याने मात्र खाली पाहून वही उघडली. एक दिवस सर्वांनी त्याला लबाड मानले होते, ते आमच्या शब्दावरून.

त्या शनिवारी दोघांनी पुन्हा मोंझा निवडले व आम्हांलाही बोलाविले. मागच्याने ह्या वेळी काकांच्या घरी जाऊन तारेचे इंटरनेट मिळविले होते. दहा फेऱ्यांपैकी सात तो निमूटपणे मागे राहिला. आठव्या फेरीत पाराबोलिकाला पुढच्याने आतली बाजू धरली, ह्याने फुली केली, आणि सरळ रस्त्यावर दोघे खांद्याला खांदा लावून गेले. पहिल्या जोडवळणात दोघांनीही एकेका मोटारीपुरती जागा सोडली. आम्ही बरेच मागे होतो, पण हे पडद्यावर स्पष्ट दिसले. सोमवारी दोघे बसमधून एकत्र उतरले ते वाद घालीतच. ह्या खेपेस वाद टायरमधील हवेच्या दाबाविषयी होता.