हळकुंड मोडून बघ

भाचीबाई, नव्या बिऱ्हाडाची यादी दाखवलीस, त्यात हळद अगदी तळाशी होती. अगं, मिसळणाच्या डब्यात पहिला चमचा तिचाच पडतो! म्हणून हे चार शब्द लिहून ठेव.

१. तयार पुडीऐवजी वर्षाला किलोभर हळकुंडं आण, सांगलीची राजापुरी मिळाली तर उत्तमच — पूड काय सांगेल ते ऐकावं लागतं, हळकुंड मोडून बघता येतं. चांगलं हळकुंड कट्‌कन तुटतं आणि आतून गर्द केशरी निघतं. पिवळी तर भिंतही असते, बाई.

२. फार चमकणारं हळकुंड पाण्याच्या पेल्यात टाकून बघ. लगेच रंग सुटला तर सरळ परत कर — चमक यावी म्हणून शिशाचा पिवळा रंग चोळणारे असतात, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं. कधी पूडच आणावी लागली, तर चमचाभर कोमट पाण्यात टाक आणि ढवळू नकोस. चोख हळद तळाशी बसते, वर फिकट पिवळं पाणी राहतं.

३. हळकुंडं मिक्सरमध्ये घालायची नाहीत — माझ्या दोन भांड्यांची पाती त्यातच गेली. खलबत्त्यात ठेचून घे आणि कांडपवाल्याकडून दळून आण.

४. महिन्याची हळद डब्यात, बाकीची काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात — उजेडाने तिचा रंग उतरतो आणि ओल्या चमच्याने गुठळ्या धरतात. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं खणून त्यांत वर्षानुवर्षं हळद साठवायचे. २००५च्या महापुराचं पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. पेवाची ही गत, तिथे आपल्या बरणीचं काय!

५. फोडणीत हळद शेवटी, आणि तिच्या पाठोपाठ लगेच भाजी किंवा वरण — तापल्या तेलात ती क्षणात करपते, मग सगळी भाजी कडवट. हळद नाकाने मोजावी. वास उठला की हात आखडता.

६. ढोकळ्यात सोडा घालणार असशील तर हळद अगदी चिमटीभर, आणि सोडा नीट विरघळवून — नाहीतर वर लाल ठिपके उठतात. लग्नानंतर पहिल्यांदा पाहुणे आले, तेव्हा माझा ढोकळा गोवर आल्यासारखा दिसत होता. मी रडले होते गं. पुढे कळलं, हळदीला क्षार भेटला की ती लाल होते. आपलं पारंपरिक कुंकूही असंच हळदीचं होतं. म्हणूनच पांढऱ्या ओढणीवर हळद सांडून, साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नकोस. धुऊन कडक उन्हात घाल — ऊनच तो डाग खातं.

७. खोकल्याला हळदीचं दूध सायीसकट उकळ, वर मिरपूड टाक — हळदीतला गुण पाण्यात फारसा उतरत नाही, स्निग्धात उतरतो, आणि मिऱ्याने अंगी लागतो.

८. हळदीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत — काहींच्या यकृताला त्या बाधल्या आहेत. खोल जखमेवरही हळद दाबत बसू नकोस, दवाखाना गाठ. ताटातली हळद चिमटीची, तिला औषधाच्या मापाने खाऊ नये.

९. गॅलरीत एक कुंडी हळदीची असू दे. वाण्याकडचं हळकुंड लावू नकोस — ते शिजवून वाळवलेलं असतं, त्याला कोंब कुठला फुटायला? डोळा असलेला ओला कंद अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लाव. श्रावणाअखेर पानं हाताएवढी होतील, त्यांत गणपतीला पातोळ्या कर. वाफेबरोबर जो वास उठतो तो कुठल्या डब्यात मिळत नाही.

१०. आणि पानं पिवळी पडून आडवी होईपर्यंत कुंडी उकरू नकोस — कंद भरायला आठ-नऊ महिने लागतात.