बंडूच्या दाताखाली

बंडू आमचा गावठी कुत्रा. दोन महिन्यांचा होता तेव्हा आला, आता सहा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी टिकाऊ खेळणं शोधता शोधता जे कळलं ते असं.

१. ‘न तुटणारं’ असं लिहिलेलं खेळणंही तुटतं, हे धरूनच चालावं. विकत घेताना मी आता एवढंच बघते : तुटलं तर कसं तुटेल? बारीक चुरा पडणार असेल तर ठीक. गिळता येईल एवढा तुकडा निघणार असेल तर नको.

२. सुती दोरीचं खेळणं मी घरात ठेवत नाही. बंडू दीड वर्षाचा असताना त्याने तसल्या दोरीची गाठ सोडवली आणि धागे गिळले. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, अन्नाला तोंड नाही, पोटाला हात लावू देईना. एक्स-रेत धागा स्पष्ट दिसत नाही. सोनोग्राफीत आतडं गोळा झालेलं दिसलं. डॉक्टरांनी समजावलं : धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, उरलेला धागा आतडं पुढे ढकलत राहतं. नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात, तसं आतडं त्या धाग्यावर गोळा होतं, आणि ताणलेला धागा त्याला आतून कापतो. त्याच रात्री ऑपरेशन झालं. कुत्र्याच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो चुकूनही ओढू नका. तसंच दवाखान्यात न्या.

३. फार टणक वस्तूही वाईट. शिंग, वाळलेलं हाड, याकच्या दुधाची कडक छुर्पी हे सगळं टिकतं खरं, पण तुटतो तो दात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. त्यातली वरची मोठी दाढ अशा चावण्याने अनेकदा तडकते. अंगठ्याचं नख रुतत नसेल तर ती वस्तू चघळायला देऊ नये. शिजवलेल्या हाडाच्या तर सुया होतात.

४. चेंडू कुत्र्याच्या घशात जाणार नाही एवढा मोठा हवा. टेनिसचा चेंडू फेकून आणायला चालतो, चघळायला नाही. त्याच्या लवेत माती बसते आणि ती दात झिजवते.

५. आमच्याकडे सर्वांत जास्त टिकलं ते जाड रबराचं, आतून पोकळ ‘काँग’. हे खेळणं अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९७०च्या दशकात निघालं. ते काढणाऱ्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करताना त्यांनी सस्पेन्शनचा एक रबरी भाग बाजूला टाकला, आणि फ्रिट्झ दगड सोडून त्याच्या मागे लागला. त्यावरून काँगची कल्पना सुचली. मला त्यातली पोकळी मोलाची वाटते. मी तीत दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरते आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. बंडूचा अर्धा तास चाटण्यात जातो. दिवाळीत फटाके सुरू झाले की हेच पुढे ठेवते. पीनट बटर घालायचं तर झायलिटॉल नसलेलंच. हे गोडी आणणारं द्रव्य कुत्र्याला विषारी असतं. मनुके आणि कांदाही नको. नंतर बाटलीच्या ब्रशने आतून घासावं, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात आत राहिलेलं लगेच आंबतं.

६. सगळी खेळणी एकदम बाहेर नकोत. दोन बाहेर, बाकीची पेटीत, आठवड्याने अदलाबदल.

७. ऑपरेशननंतर बंडूला उड्या मारायला, धावायला बंदी होती. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर. तो नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा. तेव्हा डॉक्टरांना विचारून आईने त्याच्या वाट्याच्या मऊ भाताचे छोटे गोळे केले आणि ते पाटाखाली, दाराआड, कुंडीमागे ठेवले. कॉलर जमिनीला घासत तो एकेक हुंगून काढू लागला. सहा गोळ्यांना वीस मिनिटं लागली, आणि नंतर तो गाढ झोपला, आजारपणात पहिल्यांदाच. आता गोळ्यांऐवजी भाकरीचे तुकडे असतात. संध्याकाळी आई परातीशी बसली की बंडू आपणहून बाल्कनीत जाऊन बसतो आणि बोलावण्याची वाट बघतो.