‘मेक’ : कामांचा क्रम संगणकाला लिहून देण्याचे साधन

एका कागदावरून दुसरा व दुसऱ्यावरून तिसरा कागद तयार करणे हे शाळेत, पंचायतीत आणि कचेरीत नित्याचे काम आहे. मूळ नोंदीतील एक आकडा दुरुस्त झाला की, त्यावर आधारलेले पुढील सर्व तक्ते पुन्हा करावे लागतात. त्यांपैकी एखादा जुनाच राहून गेला तर ते सहसा लगेच ध्यानात येत नाही. कारण जुना तक्ताही दिसायला तितकाच नीटनेटका असतो. संगणकावर काम करतानाही ही अडचण सुटत नाही. तिच्यावर तोडगा म्हणून जन्माला आलेल्या ‘मेक’ या साधनाचा परिचय येथे करून दिला आहे.

हे साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी एप्रिल १९७६ मध्ये तयार केले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक संपूर्ण सकाळ आपल्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात घालविली होती. वास्तविक दोष दुरुस्त झालेला होता. दुरुस्तीनंतर करावयाची पुढील प्रक्रिया तेवढी राहून गेली होती, आणि ते जुन्याच फलिताची तपासणी करीत बसले होते. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी असाच अनुभव आला होता. त्यांनी आठवड्याच्या सुटीत या साधनाची पहिली आवृत्ती सिद्ध केली. या कार्याबद्दल पुढे २००३ सालचा एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना मिळाला. आज सर्वाधिक वापरात असलेली ‘ग्नू मेक’ ही आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन व रोलंड मॅकग्राथ यांनी रचली असून ती विनामूल्य उपलब्ध आहे.

लक्ष्य, आधार आणि कृती

‘मेक’ला खिडक्या, चित्रे वा बटणे नाहीत. टर्मिनल उघडून कामाच्या फोल्डरमध्ये जावयाचे आणि ‘मेक’ हा शब्द टंकित करावयाचा, इतकेच. मात्र त्याआधी त्याच फोल्डरमध्ये ‘मेकफाइल’ या नावाची एक साधी मजकुराची फाइल लिहून ठेवावी लागते. या फाइलीतील प्रत्येक नियमाची तीन अंगे असतात. जी फाइल तयार व्हावयाची ती लक्ष्य. ती ज्या फाइलींवरून तयार होते त्या आधार. आणि ती तयार करण्याची आज्ञा म्हणजे कृती. पहिल्या ओळीत लक्ष्य, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह व त्यापुढे आधारांची नावे लिहितात. कृती त्याखालच्या ओळीत येते.

शाळेचे उदाहरण घेऊ. पाचवी, सहावी व सातवीच्या गुणांच्या तीन फाइली आहेत. त्यांवरून ‘बेरीज’ नावाची छोटी आज्ञावली ‘निकाल’ ही फाइल तयार करते आणि ‘निकाल’वरून छापावयाचा ‘अहवाल’ तयार होतो. येथे नियम दोनच. अहवालाचा आधार निकाल. निकालाचे आधार तीन इयत्तांच्या फाइली. अहवालाचा नियम प्रथम लिहावा, कारण वेगळे काही सांगितले नाही तर ‘मेक’ पहिलेच लक्ष्य हाती घेते. सहावीच्या एका विद्यार्थ्याचे गुण दुरुस्त केले की, सहावीची फाइल निकालापेक्षा नवी ठरते. फाइलींवरील वेळा पाहून ‘मेक’ ते ओळखते आणि आधी निकाल व नंतर अहवाल नव्याने करते. काहीच बदलले नसेल तर सर्व अद्ययावत असल्याचे कळवून ते थांबते.

नवशिक्याची पहिली ठेच बहुधा कृतीच्या ओळीत लागते. या ओळीचा आरंभ टॅबच्या कळीनेच झाला पाहिजे. आठ मोकळ्या जागा सोडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, परंतु ‘मेक’ विभाजक चिन्ह नसल्याची तक्रार करून काम नाकारते. हा नियम गैरसोयीचा आहे, यात शंका नाही. तो बदलण्याचा विचार फेल्डमन यांच्या मनात आला, तेव्हा साधनाचे वापरकर्ते जेमतेम डझनभर होते. त्यांच्या तयार फाइली बिघडू नयेत म्हणून नियम तसाच राहिला आणि पुढील सर्व पिढ्यांच्या वाट्याला आला.

न लिहिलेला आधार

यापेक्षा गंभीर धोका निराळाच आहे. वरील उदाहरणात उत्तीर्णतेचे निकष व सवलतीच्या गुणांचा नियम ‘निकष’ या वेगळ्या फाइलीत आहेत, असे समजू. ‘बेरीज’ ती फाइल वाचते, परंतु मेकफाइलीत निकालाच्या आधारांमध्ये तिचे नाव नाही. वर्षाच्या मध्यास निकष बदलले, कर्मचाऱ्याने ‘निकष’ दुरुस्त करून ‘मेक’ चालविले, तरी सर्व अद्ययावत असल्याचेच उत्तर येईल. अहवाल जुन्या निकषांचा छापला जाईल, आणि सवलतीचे गुण मिळून उत्तीर्ण व्हावयाचा विद्यार्थी कागदावर अनुत्तीर्णच राहील. येथे यंत्राने काहीही चुकविलेले नाही. जो संबंध त्याला सांगितलाच नाही, तो त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून नियम लिहिताना ‘ही फाइल कशावरून होते?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘काय बदलले असता ही पुन्हा करावी लागेल?’ असे विचारावे. या प्रश्नाने ‘निकष’ तर सापडतेच, शिवाय ‘बेरीज’ ही आज्ञावलीसुद्धा आधारांत लिहावयास हवी, हे ध्यानात येते. ती दुरुस्त झाली तर निकालही पुन्हा झाला पाहिजे.

अर्धवट फाइलीचेही असेच आहे. कृती मध्येच फसली तर ‘मेक’ थांबते. पण तोवर लिहिलेली अर्धी फाइल जागेवर राहिली, तर तिच्यावरील वेळ ताजी असल्याने पुढच्या खेपेस ती पूर्ण समजली जाते. ग्नू आवृत्तीत ‘डिलीट ऑन एरर’ या नावाचे एक विशेष लक्ष्य मेकफाइलीत नोंदवून ठेवले की, अशी फसलेली फाइल आपोआप काढून टाकली जाते. संगणकाचे घड्याळ चुकीचे असले तरीही घोटाळा होतो, कारण नवे-जुने ठरविण्यास फाइलींवरील वेळेखेरीज दुसरा पुरावा ‘मेक’जवळ नसतो.

प्रत्यक्ष काम करण्यापूर्वी एक तालीम करता येते. ‘मेक’ या शब्दापुढे जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून रोमन लिपीतील लहान ‘एन’ लिहिला असता कोणत्या कृती कोणत्या क्रमाने होतील याची यादी पडद्यावर येते. सामान्यतः फाइलींना हात लागत नाही. नवी मेकफाइल लिहिल्यावर एकेका आधाराची फाइल उघडून ती पुन्हा जतन करावी आणि दर वेळी ही यादी पाहावी. एखाद्या फाइलीनंतर यादी रिकामीच राहिली, तर तिचे नाव आधारांत लिहावयाचे राहिले आहे.